नातवाच्या छातीतली घरघर

गेल्या आषाढातील गोष्ट. भर पावसात एक आजी साडेतीन वर्षांच्या नातवाला कडेवर घेऊन कुंभवलीतील माझ्या दवाखान्यात आल्या. जवळच्याच एका पाड्यावरचे हे वारली कुटुंब. मुलाचे वडील औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार आहेत, आई पॅकिंगच्या कामाला जाते. त्यामुळे दिवसाचा बहुतेक वेळ मूल आजीजवळच असते. मुलाच्या छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज येत होता आणि प्रत्येक श्वासाबरोबर बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात होता. वाफेतून औषध दिल्यावर वीस-पंचवीस मिनिटांत श्वास सावरला. मग आजींनी पदराआडून एक प्लास्टिकची पिशवी काढून टेबलावर ठेवली. तीत तीन वर्षांच्या चौदा चिठ्ठ्या होत्या, पाच निरनिराळ्या डॉक्टरांच्या. त्यांपैकी चार चिठ्ठ्यांवरील अक्षर माझे होते.

पावसामुळे बाहेर रुग्ण नव्हते, म्हणून मी त्या चिठ्ठ्या तारखेनुसार एकापुढे एक लावल्या. पाचव्या महिन्यात न्यूमोनिया म्हणून रुग्णालयात सहा दिवस मुक्काम. पुढे प्रत्येक पावसाळ्यात आणि थंडीत दोन-तीन वेळा सर्दी, खोकला, घरघर. प्रत्येक चिठ्ठीवर एक प्रतिजैविक आणि एक खोकल्याचे औषध. मिनिटाला श्वास किती, हे एकाही चिठ्ठीवर नव्हते आणि 'दमा' हा शब्द तर कुठेच नव्हता. मी आजींना विचारले, "सर्दी नसतानाही खोकतो का?" त्या म्हणाल्या, "हसला की खोकतो, डॉक्टर. पळाला की खोकतो. पहाटे तर रोजच." मग थोडे थांबून म्हणाल्या, "हे तुम्ही कधी विचारलं नव्हतं."

खरोखरच विचारले नव्हते. या पाक्षिकाच्या वाचकांमध्ये नातवंडे सांभाळणारे आजी-आजोबा पुष्कळ आहेत, हे मला ठाऊक आहे. आई-वडील कामावर असताना बाळाचा श्वास रात्रंदिवस ज्यांच्या कानावर पडतो ते आपणच. म्हणून आज बालपणातील छातीचे संसर्ग आणि पुढे येणारा दमा यांचा संबंध आपल्यापुढे मांडावा असे वाटते. विशेषतः आदिवासी आणि स्थलांतरित कुटुंबांतील मुलांच्या वाट्याला हा संबंध अधिक जाचक का होतो, तेही.

प्रथम शरीराची रचना लक्षात घेऊ. तान्ह्या बाळाच्या फुप्फुसातील टोकाच्या श्वासनलिका अतिशय अरुंद असतात. अशा नळीची त्रिज्या सुजेने किंवा चिकट स्रावाने निम्मी झाली, तर हवेला होणारा अडथळा दुप्पट नव्हे, सोळापट होतो. ज्या सर्दीने आपल्याला दोन दिवस नाक पुसावे लागते, तीच सर्दी तीन महिन्यांच्या बाळाला धापा टाकायला लावते, ती यामुळे. या लहान नलिकांच्या सुजेला ब्राँकिओलायटिस म्हणतात. तिचे सर्वांत मोठे कारण म्हणजे रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस, ज्याला डॉक्टर मंडळी थोडक्यात आरएसव्ही म्हणतात. दोन वर्षांची होईपर्यंत जवळजवळ सर्वच मुलांना हा विषाणू एकदा तरी गाठतो. बहुतेक मुले आठवड्याभरात बरी होतात. कमी दिवसांची, कमी वजनाची, जन्मतः हृदयविकार असलेली आणि तीन महिन्यांच्या आतली बाळे मात्र गंभीर होऊ शकतात. हा विषाणूंचा आजार असल्यामुळे प्रतिजैविकांचा त्यावर काहीही परिणाम होत नाही. तरीही ती दिली जातात, कारण आजारी मूल घेऊन आलेल्या माणसाला रिकाम्या हाताने पाठवणे डॉक्टरला कठीण जाते. हे मी स्वतःच्या चार चिठ्ठ्या समोर ठेवूनच लिहितो आहे.

लहानपणी अशी घरघर झालेल्या प्रत्येक मुलाला पुढे दमा होतो का? नाही, आणि ही दिलाशाची बाब आहे. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील टूसाँ शहरात १९८० पासून जन्मलेल्या मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा केला गेला. त्यात सुमारे एक तृतीयांश मुलांना पहिल्या तीन वर्षांत सर्दीबरोबर घरघर झाली होती. पण त्यांच्यापैकी साधारण ६० टक्के मुलांची घरघर सहाव्या वर्षापर्यंत थांबली. उरलेल्यांचे काय, हा खरा प्रश्न आहे. विस्कॉन्सिन येथे ॲलर्जी वा दम्याचा कौटुंबिक इतिहास असलेल्या मुलांचा अभ्यास झाला. साध्या सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसमुळे ज्यांना पहिल्या तीन वर्षांत घरघर झाली, त्यांना सहाव्या वर्षी दमा असण्याची शक्यता इतरांच्या सुमारे दहापट आढळली. २०२३ मध्ये टेनेसी राज्यातील सुमारे दोन हजार बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षात आरएसव्हीची लागण झालेल्यांपैकी २१ टक्के मुलांना पाचव्या वर्षी दमा होता, लागण टळलेल्यांपैकी १६ टक्क्यांना. म्हणजे पहिल्या वर्षातील संसर्ग टाळता किंवा लांबवता आला, तर काही मुलांचा दमाही टळू शकेल, अशी आशा धरायला जागा आहे.

आता वाचकांमधील ज्येष्ठांना थेट लागू होणारी एक गोष्ट. ब्रिटनमध्ये १९४६ च्या मार्च महिन्यातील एका आठवड्यात जन्मलेल्या मुलांची नोंद करून त्यांच्यावर आयुष्यभर लक्ष ठेवण्यात आले. त्यांतील साडेतीन हजारांहून अधिक व्यक्तींच्या नोंदी २०२३ मध्ये तपासल्या गेल्या. ज्यांना दुसऱ्या वाढदिवसाआधी न्यूमोनिया किंवा ब्राँकायटिस झाला होता, त्यांच्यापैकी २.१ टक्के लोक प्रौढपणी, त्र्याहत्तर वर्षांच्या आत, श्वसनविकाराने दगावले होते. इतरांमध्ये हे प्रमाण १.१ टक्के होते. मूळ धोका मोठा नाही, पण तो जवळजवळ दुप्पट झालेला दिसतो. फुप्फुसे विशीपर्यंत वाढतात आणि त्यानंतर हळूहळू उतरणीला लागतात. लहानपणी ज्याची वाढच खुंटली, त्याची उतरण खालच्या पायरीवरून सुरू होते. माझ्याकडे येणारे कित्येक आजोबा सांगतात, "विडीला कधी हात लावला नाही, तरी धाप का लागते?" त्यांच्या आईला विचारता आले असते तर उत्तर कदाचित पहिल्या दोन वर्षांत सापडले असते.

मग हा भार सर्वांवर सारखा पडतो का? 'अल्पसंख्य' हा शब्द आपल्याकडे बहुधा धर्माच्या संदर्भात वापरला जातो. परदेशी वैद्यकीय लिखाणात तो वंश आणि स्थलांतर यांच्या अंगाने येतो. अमेरिकेत कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकोच्या वंशाच्या मुलांमध्ये दमा गोऱ्या मुलांपेक्षा बराच अधिक आहे. न्यूझीलंडमध्ये माओरी बाळांना ब्राँकिओलायटिससाठी रुग्णालयात अधिक दाखल करावे लागते. याचे खापर रक्तावर फोडण्याची घाई होते. पण त्याच अमेरिकेत मेक्सिकन वंशाच्या मुलांमध्ये दम्याचे प्रमाण पोर्तो रिकन मुलांपेक्षा पुष्कळ कमी आहे, आणि सरकारी नोंदीत हे दोन्ही समाज 'हिस्पॅनिक' या एकाच रकान्यात मोडतात. अनुवंशाचा वाटा असतोच, मात्र घर किती दाट, हवा कशी, आईचे गरोदरपणातील पोषण कसे, दवाखाना किती दूर, हे प्रश्न आधी विचारावे लागतात.

आपल्या राज्यातील उदाहरणे मला अधिक जवळची वाटतात. मेळघाटात 'महान' या संस्थेचे डॉ. आशिष सातव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ पासून ९३ आदिवासी गावांतील दोन वर्षांखालील मुलांमध्ये आरएसव्हीचा शोध घेतला. विशेष म्हणजे त्यांनी रुग्णालयात पोहोचलेल्या मुलांपुरते न थांबता घरीच दगावलेल्या बाळांच्या नाकातील नमुनेही तपासले. कोरकू कुटुंबातील बाळ घरी गेले, तर त्या मृत्यूचे कारण एरवी कोणत्याच कागदावर येत नाही. त्या भागात आजारी बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाने डाग देण्याची 'डंबा' नावाची जुनी प्रथा आहे. तिला नुसती अंधश्रद्धा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. रात्री दोन वाजता बाळाचे पोट उडू लागले आणि कोसभरात कोणी वैद्य नसला, की माणूस हाताशी असेल ते करतो.

त्या हाताशी योग्य गोष्ट दिली तर काय होते, हे गडचिरोलीने दाखवले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८८ मध्ये ५८ गावांत गावातल्याच अल्पशिक्षित आरोग्यसेवकांना आणि सुईणींना न्यूमोनिया ओळखायला आणि त्यावर साधे प्रतिजैविक द्यायला शिकवले. शेजारच्या ४४ गावांत नेहमीचीच व्यवस्था चालू राहिली. दोन्हींची तुलना १९९० मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू नेहमीच्या गावांत १७.५ होते, शिकवलेल्या गावांत ८.१. उपचार मिळालेल्या न्यूमोनियाच्या मुलांपैकी शंभरात एकही पुरता दगावत नव्हता. ज्या बायकांना पन्नासपर्यंत मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी सर्चने मण्यांचे एक साधन बनवले. सोबत एक मिनिटाची वाळूची घड्याळ. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मणी सरकला, तर तो न्यूमोनिया. वैद्यकीय महाविद्यालयात साडेपाच वर्षे घालवलेल्या मला श्वास मोजण्याचा आळस का असावा, याचे उत्तर ते साधन पाहिल्यापासून मी शोधतो आहे.

पालघर जिल्ह्यात आमच्यापुढचे चित्र थोडे निराळे आहे. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरी पाड्यांवर आदिवासीच बहुसंख्य आहेत. तिथला प्रश्न अंतराचा आणि कुपोषणाचा. बोईसर-तारापूर पट्ट्यात कारखाने आले, तशी उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, झारखंड येथून कामगार कुटुंबे आली. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे, तिथेच स्वयंपाक, एकच खिडकी आणि तीही डासांमुळे बंद. त्यांच्या शेजारी जुने पाडे उरले आहेत. एका खोलीत सहा माणसे झोपली की कामावरून आणलेली सर्दी दोन दिवसांत बाळापर्यंत पोहोचते. ओडिशाहून आलेल्या आईला माझे मराठी कळत नाही, मला तिचे ओडिया कळत नाही. उत्तर प्रदेशची आजी म्हणते "पसली चल रही है", वारली आजी म्हणते पोट उडते आहे. दोघी एकच लक्षण सांगत असतात, तेही अचूक. ते ऐकून चिठ्ठीवर 'खोकला' एवढेच लिहिणारा डॉक्टर चुकतो.

हवेविषयी लोक मला नेहमी विचारतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात तारापूरला ९३.६९ गुण मिळाले. देशातील सर्वांत वाईट क्रमांक तो होता. हा निर्देशांक हवा, पाणी आणि जमीन यांचा एकत्रित आहे, त्यामुळे केवळ त्यावरून अमुक मुलाचा दमा कारखान्याच्या धुराने झाला असे मी म्हणणार नाही. दाह करणाऱ्या वायूंनी दमेकरी मुलाची श्वासनलिका आकुंचन पावते, हे मात्र निर्विवाद. रात्री वास उठला की त्या रात्रीची तारीख आणि वेळ लिहून ठेवा आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा. नुसत्या तोंडी कुरकुरीची नोंद कुठेच राहत नाही.

बाहेरच्या धुराइतकाच घरातला धूर महत्त्वाचा आहे, आणि तो बराचसा आपल्या हातात आहे. चुलीचा धूर सर्वांना ठाऊक आहे. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून अनेक पाड्यांवर गॅसची शेगडी आली. मात्र सिलिंडर पुन्हा भरायला पैसे नसले की ती कोपऱ्यात जाते आणि चूल पेटते. नुसती शेगडी बदलल्याने सगळे सुटते असेही नाही. तामिळनाडूसह चार देशांतील मोठ्या प्रयोगात घरांना गॅस फुकट पुरवूनही पहिल्या वर्षातील गंभीर न्यूमोनिया लक्षणीय घटला नाही, असे २०२४ मध्ये दिसून आले. कुपोषण, दाटी आणि शेजारचा धूर तसाच राहिला तर एका बदलाने किती फरक पडणार? तरीही चूल बाळापासून दूर असावी, याविषयी शंका नको.

डासांच्या कॉईलकडे मात्र आपण फारच सौम्यपणे पाहतो. एक कॉईल पूर्ण जळताना जेवढे अतिसूक्ष्म कण हवेत सोडते, ते ७५ ते १३७ सिगारेटींच्या धुराइतके असतात, असे २००३ मधील एका संशोधनात मोजले गेले. बंद खोलीत बाळाच्या उशाशी ती रात्रभर जळते. मच्छरदाणी हा तिला स्वस्त आणि निर्धोक पर्याय आहे. तव्यावर मशेरी भाजताना उठणारा धूरही असाच. ज्या आजींना मशेरी सोडवत नाही, त्यांना मी निदान बाळाजवळ भाजू नका, एवढे तरी सांगतो. खरे तर ती सोडलेलीच बरी.

आणि आता नाजूक विषय. न्हाऊमाखू घातल्यावर बाळाला ओवा-वावडिंगाची धुरी देणे, बाळंतिणीच्या खाटेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवणे, नाकात तेलाचे थेंब सोडणे, छातीला कापूर चोळणे. हे सारे प्रेमापोटीच होते. माझ्या आजीने मलाही धुरी दिली असणार. पण धुरी म्हणजे सुगंधी असला तरी धूरच, आणि नुकतीच उघडलेली फुप्फुसे त्यात कोंडली जातात. बंद खोलीतील निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. नाकात सोडलेले तेल श्वासनलिकेत उतरून वेगळ्याच प्रकारचा, हट्टी न्यूमोनिया करते. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. मालीश करा, आंघोळ घाला, उघड्या छातीशी धरून ऊब द्या, नाक चोंदले तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब घाला. बाळाला आजीच्या हाताची ऊब हवीच आहे, फक्त धूर नको.

बाळ खोकत असेल तर श्वास मोजावा कसा, ते सांगतो. बाळ रडत नसताना, दूध पीत नसताना, शक्यतो झोपेत मोजावा. अंगावरचे कपडे वर सारून पोटाकडे पाहावे. पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास. दुसऱ्या कोणीतरी घड्याळ धरावे आणि पूर्ण एक मिनिट मोजावे, पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये, कारण तान्ह्यांचा श्वास अनियमित असतो. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यावे. दोन महिन्यांखालील बाळाचे पुन्हा एकदा मोजून खात्री करावी, पण त्यात वेळ घालवू नये. बरगड्यांखाली खळगा पडणे, दूध न ओढणे, कण्हल्यासारखा आवाज, ओठ निळसर होणे, झटके, बाळ मलूल होऊन हाकेला ओ न देणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. कोविडच्या काळात घरोघरी घेतलेली बोटाला लावायची ऑक्सिजनची चिमटी मोठ्या माणसांसाठी आहे. तान्ह्याच्या बोटावर तिचा आकडा विश्वासार्ह नसतो. ती 'ठीक' दाखवते म्हणून थांबू नका.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१९ मध्ये 'सांस' मोहीम सुरू केली. तिच्याअंतर्गत गावातील आशाताईंनाही श्वास मोजून न्यूमोनिया ओळखणे आणि रुग्णालयात पाठवण्याआधी औषधाचा पहिला डोस देणे शिकवले जाते. रात्री-अपरात्री त्यांचे दार वाजवायला संकोचू नका.

खोकल्याच्या बाटलीविषयीही स्पष्ट बोलायला हवे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य मिसळलेल्या सिरपमुळे लहान मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि अनेक बालके दगावली. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितले, की दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सामान्यतः वापरू नयेत. शुद्ध असली तरी ही सिरपे घरघरीवर उपयोगाची नाहीत, उलट गुंगी आणून धोक्याची लक्षणे झाकतात. मेडिकलमधून मागच्या वेळची बाटली दाखवून नवी आणू नये.

पुन्हा त्या मुलाकडे वळतो. पाच वर्षांखालील मुलांत दम्याचे निदान एका तपासणीने होत नाही. फुंकर मारायची यंत्रतपासणी एवढ्या लहान मुलांना जमत नाही. वारंवार घरघर, सर्दीविना हसता-धावताना आणि पहाटे येणारा खोकला, श्वासनलिका रुंदावणाऱ्या औषधाने मिळणारा स्पष्ट आराम, मुलाच्या किंवा आई-वडिलांच्या अंगावर इसब वा दम्याचा इतिहास, यांवरून ते करावे लागते. या मुलात पहिल्या तिन्ही गोष्टी होत्या. क्षयरोग नाही याची खात्री मी आधी करून घेतली, कारण आमच्या भागात लांबलेला खोकला म्हटले की तो विचार टाळून चालत नाही. घरातील ज्येष्ठांना दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर त्यांनी स्वतःची थुंकी सरकारी केंद्रात विनामूल्य तपासून घ्यावी. मुलाला बहुधा घरातल्या मोठ्या माणसाकडूनच लागण होते.

मी 'दमा' हा शब्द उच्चारताच आजींचा चेहरा उतरला. पंप म्हटल्यावर तर त्या उठल्याच. "त्याची सवय लागते. माझ्या दिराला लागली होती, त्यातच गेला." हा समज गावात आणि शहरात सारखाच घट्ट आहे. जगातील दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक येथे होतात. ही तफावत औषधाच्या सवयीने झालेली नाही. नियमित घ्यायचे औषध न घेतल्याने, किंवा फक्त तात्पुरता आराम देणारा पंप ओढत राहिल्याने झालेली आहे. आजींचे दीर पंपामुळे गेले नाहीत. बहुधा तो चुकीचा, उशिरा आणि अपुरा मिळाल्याने गेले. श्वासातून घेतलेले स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असते, थेट श्वासनलिकेत जाते. त्याच आजारासाठी तोंडाने दिलेली गोळी मिलिग्रॅममध्ये, म्हणजे पुष्कळ अधिक, आणि साऱ्या शरीरात फिरते. लहान मुलाला पंप थेट तोंडात मारून उपयोग नाही, तो स्पेसर नावाच्या नळकांड्यातून आणि चेहऱ्यावर बसणाऱ्या मास्कमधून द्यावा लागतो. औषध दिल्यावर तोंड धुवावे, चूळ भरावी.

स्पेसरचे पैसे जमत नव्हते. १९९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टरांनी दाखवून दिले, की ५०० मिलिलिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या तळाला पंपाच्या तोंडाच्या आकाराचे छिद्र करून कडा बंद केली, तर ती बाटली दुकानातल्या स्पेसरइतकेच काम करते. मी स्वतः बाटली कापली, मास्क जोडला, आणि आजींकडून तीनदा करवून घेतले. वाचकांनी हे घरच्या घरी करू नये, आपल्या डॉक्टरांकडूनच बनवून आणि शिकून घ्यावे. छिद्र सैल राहिले तर औषध हवेत जाते. आजींना लिहिता येत नाही. पहाटे खोकला आला तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेवर एक रेघ मारा, असे मी सांगितले.

मुलाचे लसीकरणाचे कार्ड पाहिले तर त्यात दीड महिन्याच्या लसी होत्या आणि पुढे सात महिन्यांची पोकळी. न्यूमोनियाच्या मोठ्या कारणांपैकी एक असलेल्या न्यूमोकॉकस जंतूविरुद्धची पीसीव्ही लस २०२१ पासून देशभर सरकारी केंद्रांत विनामूल्य आहे. ती दीड महिन्याला, साडेतीन महिन्यांना आणि नवव्या महिन्यात द्यायची असते. हिब जंतूविरुद्धचे संरक्षण पेंटाव्हॅलंटमधून, गोवराचे नवव्या महिन्यापासून. आरएसव्हीसाठी गर्भवतीला द्यायची लस आणि बाळाला द्यायचे प्रतिपिंडाचे इंजेक्शन २०२३ पासून अमेरिका-युरोपात वापरात आले आहे; सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध, हात धुणे आणि सर्दी झालेल्यांनी बाळापासून दूर राहणे, हेही महत्त्वाचे संरक्षण. मुलाच्या कार्डातील ती पोकळी पडली कशी, असे विचारले तेव्हा आजी म्हणाल्या, "दिवाळीनंतर भट्टीवर गेलो होतो." वडील कारखान्यात लागण्यापूर्वी सारे कुटुंब भिवंडीकडे वीटभट्टीवर जात असे. भट्टीच्या धुराशेजारी झोपडी, आणि तिथल्या नर्सताईंच्या यादीत या बाळाचे नाव नाही. पाचव्या महिन्यातील न्यूमोनिया तिथलाच होता. स्थलांतरित मुलाला राज्यातील कोणत्याही सरकारी केंद्रात राहिलेली लस मिळते, केवळ कार्ड जवळ हवे. हे त्यांना तेव्हा कुणी सांगितले नव्हते.

आश्विनात आजी पुन्हा आल्या, दिनदर्शिकेचीच तीन पाने सुरळी करून घेऊन. श्रावणाच्या पानावर रेघा दाट होत्या, भाद्रपदात विरळ, आश्विनात दोनच. मुलगा दवाखान्याच्या बाकावरून उड्या मारत होता आणि खोकत नव्हता. मी औषध चालू ठेवायला सांगितले, कारण बरे वाटते म्हणून ते मध्येच बंद करण्याचा काळ हाच असतो. जाताना आजींनी सांगितले, की कंत्राटदाराने मुलाच्या बापाचे काम थांबवले आहे आणि दिवाळीनंतर सारे पुन्हा भिवंडीला भट्टीवर जाणार आहेत. मी दोन महिने पुरतील एवढे पंप, एक जादा बाटली आणि सर्व तारखा एकाच कागदावर लिहून दिल्या. कागदाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात 'बालदमा' लिहिले, खाली माझा फोन नंबर. तो कागद त्यांनी लसीच्या कार्डाबरोबर त्याच प्लास्टिकच्या पिशवीत घातला.